नावाची सनद आणि शेताची रखवाली

ज्या मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेस हिंजवडीचे काचेचे मनोरे उभे राहिले, त्याच तालुक्याच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पावसाने तुडुंब भरणाऱ्या खाचरांतून, शिजताना आंब्याच्या मोहरासारखा दरवळणारा आंबेमोहर तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला आहे. आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या टापूत राहणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना हे दोन्ही देखावे फारसे दूर नसले, तरी त्या दोहोंचा परस्परसंबंध काय, याचा विचार क्वचितच कोणी केलेला दिसतो. या तांदळास गेल्या दशकात भौगोलिक मानांकन, ज्यास व्यवहारात जी. आय. म्हणतात ते, प्राप्त झाले, आणि मानांकन मिळाले म्हणजे वस्तू तरली, असा सोयीचा समज त्यासोबत रूढ झाला. वस्तुस्थिती अशी की कायदा नावाचे रक्षण करतो. परंतु ज्या जमिनीमुळे, बियाण्यामुळे, पाण्यामुळे आणि हातांमुळे ते नाव सार्थ झाले, त्यांच्या रक्षणाची कलमे उत्पादकांनी, आणि काही अंशी गिऱ्हाइकांनीही, स्वतःच लिहून घ्यावी लागतात. ती कशी लिहावीत आणि कशी पाळावीत, हे या टापूतील शेतकरी, गिरणीवाले, कारखानदार आणि गृहस्थ यांच्यासमोर मांडणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

जागतिक व्यापार संघटना १९९५ साली अस्तित्वात आली आणि तिच्या बौद्धिक संपदाविषयक करारात भौगोलिक निर्देशांना स्थान मिळाले. त्यास अनुसरून आपल्या संसदेने १९९९ साली स्वतंत्र अधिनियम केला, तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, त्याचे दप्तर चेन्नई येथे ठेवण्यात आले आणि त्या दप्तरात पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. एखाद्या मालाचा विशिष्ट गुण, कीर्ती अथवा अन्य वैशिष्ट्य जर मुख्यतः त्याच्या उत्पत्तिस्थानामुळे आलेले असेल, मग ते स्थानमाहात्म्य निसर्गाचे असो वा तेथील माणसांच्या कौशल्याचे, तर त्या मालाच्या नावाची नोंद होऊ शकते, असे या अधिनियमाचे सार आहे. नोंद एखाद्या व्यक्तीच्या नावे होत नाही. ती उत्पादकांच्या संघाच्या अथवा तत्सम संस्थेच्या नावे होते, आणि हा हक्क विकता, बक्षीस देता अथवा गहाण टाकता येत नाही, हे त्याचे इतर सर्व बौद्धिक संपदांहून निराळे आणि आपल्या गावगाड्याच्या सामाईक हक्कांशी नाते सांगणारे लक्षण आहे.

तथापि येथेच पुष्कळांची गल्लत होते. नोंदवहीचे दोन भाग असतात: ‘अ’ भागात निर्देशाची आणि त्याच्या मालक-संस्थेची नोंद असते, तर ‘ब’ भागात ‘अधिकृत वापरकर्ते’ म्हणून ज्यांनी स्वतंत्र अर्ज केला, त्यांची. ‘अ’ भागात आंबेमोहराचे नाव चढले म्हणून मुळशीतील प्रत्येक शेतकऱ्यास आपल्या पिशवीवर मानांकनाचे चिन्ह छापण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही. त्यासाठी त्याचे स्वतःचे नाव ‘ब’ भागात असावे लागते. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते, ती नूतनीकरणाने वाढवता येते, आणि ही दहा वर्षे प्रमाणपत्र हाती पडल्याच्या दिवसापासून मोजली जात नसून मूळ अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मोजली जातात. शिवाय अधिकृत वापरकर्त्याची मुदत मूळ निर्देशाच्या मुदतीपलीकडे जाऊ शकत नाही. ज्या संघांनी आपले दप्तर बारकाईने पाहिलेले नाही, त्यांनी हा लेख बाजूस ठेवून प्रथम तेवढी तारीख पाहून घ्यावी.

खोट्या नावाने माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा अधिनियमात आहे. परंतु खाचर बुजवून त्यावर भूखंड पाडणाऱ्यास, जुने वाण सोडून देणाऱ्यास अथवा ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्यास या अधिनियमाने कोणताही अटकाव केलेला नाही, कारण तो त्याचा विषयच नव्हे. परिणामी असे घडू शकते, की नाव दप्तरात सुरक्षित आहे, चिन्ह छापले जात आहे, आणि ज्या वस्तूचे ते नाव, ती मात्र वर्षागणिक दुर्मिळ होत आहे.

मुळशीचा पूर्वेतिहास

आंबेमोहराच्या जमिनीवर उद्योगाची दृष्टी पडली, ती काही आजच पडलेली नाही. नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहास नेण्याची टाटांची योजना जेव्हा आली, तेव्हा या खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, आणि पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ हे पद लोकांनी बहाल केले ते याच लढ्यामुळे. धरण झाले, खाचरे बुडाली. पुढे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, साठीच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादन केल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांची रांग भोसरी, तळेगाव, चाकण, म्हाळुंगे, निघोजे अशी वाढत गेली. या उद्योगांनी लाखो घरांस अन्न दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच वाढीने भातशेतीस दोन बाजूंनी चिमटीत धरले, हेही तितकेच खरे: जमिनीचा भाव पिकाच्या उत्पन्नाशी कोणतेही प्रमाण न राखता वाढला, आणि लावणी-कापणीस लागणारे तरुण हात कारखान्याच्या पाळीस जाऊ लागले.

त्यात आंबेमोहराचा स्वभावच मुळात खर्चीक आहे. हे पीक उंच वाढते, खताची मात्रा थोडी अधिक झाली की लोळते, उशिरा निसवते आणि इतर जातींच्या मानाने कमी उतारा देते. १९८७ साली मावळातील भात संशोधन केंद्रातून आंबेमोहराच्याच संकरातून निर्माण झालेली इंद्रायणी ही जात बाहेर पडली, आणि तिने अधिक उत्पन्न व बऱ्यापैकी सुवास यांचा मेळ घातल्यामुळे मावळ-मुळशीच्या शेतकऱ्याने ती उचलली, यात त्याचा कोणताही दोष नाही; इंद्रायणी हा चांगला तांदूळ आहे आणि तो इंद्रायणी म्हणूनच विकला जावा. मात्र खऱ्या आंबेमोहराचा पुरवठा घटताच बाजारात आंध्रातील जिरासांबा आणि मध्य प्रदेशातील कालीमूछ यांसारखे बारीक दाण्याचे तांदूळ आंबेमोहराच्या नावाने विकले जाऊ लागले, आणि नावाची कीर्ती एकाच्या श्रमावर व नफा दुसऱ्याच्या गल्ल्यात, असा उलटा व्यवहार रूढ झाला.

शेतकऱ्याने आणि संघाने करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट बियाण्याची. भात हे स्वपरागी पीक असल्यामुळे त्याचा वाण शुद्ध राखणे तुलनेने सोपे आहे, आणि म्हणूनच तो बिघडू देणे अधिक अक्षम्य आहे. पीक पक्व होत असता, कापणीपूर्वी, शेताच्या मधल्या भागातून ठसठशीत, एकसारख्या लोंब्या निवडाव्यात. फुलोऱ्याच्या वेळी आणि पुन्हा दाणा भरताना भेसळीची झाडे मुळासकट उपटावीत. शेजारच्या खाचरात दुसरी जात असेल तर बियाण्याच्या पट्ट्यापुरते किमान तीन मीटर अंतर सोडावे. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे पोचट बी काढून टाकावे आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे. संघाने मात्र एकाच शेतकऱ्याच्या एकाच वाफ्यातील बी साऱ्या तालुक्यास वाटू नये. मेक्सिकोतील टकिला या पेयास जगभर मागणी आली, तेव्हा तेथील घायपाताच्या जातीची लागवड मुख्यतः पिल्लांपासूनच होत गेली, त्यामुळे सारी झाडे जवळजवळ एकाच ठशाची झाली, आणि रोग शिरताच अफाट मळे एकदम संकटात सापडले. नावाच्या यशानेच वस्तूचा पाया अरुंद केल्याचे ते ठळक उदाहरण आहे. गावोगावच्या आंबेमोहरात दाण्याचे, उंचीचे, निसवण्याच्या काळाचे जे बारीक भेद आहेत, ते निरनिराळ्या कणग्यांत जपून ठेवावेत. २००१ च्या पीकवाण संरक्षण अधिनियमाने शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, देवघेव करण्याचा आणि परंपरागत वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याचा हक्क दिला आहे, त्याचाही लाभ घ्यावा.

दुसरी गोष्ट मातीची आणि पाण्याची. रोपवाटिकेसाठी राब भाजण्याच्या रिवाजात डोंगरावरील फांद्या, पाला आणि शेण जळून जाते, उतारावरील झाडोरा विरळ होतो, आणि त्या उताराची माती अखेर आपल्याच खाचरांत व ओढ्यांत येऊन साचते; त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे करावीत. बांधांवर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळी गाडावा, रोपे ठरावीक अंतरावर लावावीत आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची गोळी हाताने खोचावी, ही चारसूत्री पद्धतीतील सूत्रे महाराष्ट्रात परिचित आहेतच. आंबेमोहरासारख्या लोळणाऱ्या जातीस नत्र बेताने आणि मुळाजवळ मिळणे विशेष हिताचे असते. ज्यांस चिखलणी-लावणीस माणसे मिळत नाहीत, त्यांनी नेरळजवळच्या शेतांत विकसित झालेले, न नांगरता गादीवाफ्यावर टोकणी करण्याचे सगुणा तंत्र प्रथम एखाद्या लहान तुकड्यावर करून पाहावे.

तिसरी गोष्ट गिरणीची. आंबेमोहराचा सुवास ज्या द्रव्यांमुळे येतो, ती उडून जाणारी असतात. म्हणून भात कडक उन्हात फार काळ तापवू नये, ओलावा चौदा टक्क्यांच्या आत आणून तो भाताच्याच रूपात, तुसासह, साठवावा आणि मागणीप्रमाणे थोडा थोडा सडावा. गिरणीवाल्याने एक घाणी संपल्यावर यंत्र झाडल्याशिवाय दुसऱ्या जातीची घाणी लावू नये, कारण फसवणुकीच्या हेतूने न झालेली भेसळसुद्धा गिऱ्हाइकाच्या ताटात भेसळच असते. अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे शेतमाल सडणारा आणि पिशवीत भरणारा हाही ‘उत्पादक’ आहे. म्हणून गिरणीवाल्यासही अधिकृत वापरकर्ता होता येते, आणि संघाने त्यास तसे करावयास लावावे.

चौथी गोष्ट दप्तराची. अधिकृत वापरकर्ता होण्याच्या अर्जासोबत सात-बाराचा उतारा, पीकपाहणीची नोंद, उत्पादनाचा तपशील आणि मालक-संस्थेचे संमतिपत्र जोडले असता काम सुकर होते. संघाने प्रत्येक सभासदाची एक खतावणी ठेवावी: गट क्रमांक, आंबेमोहराखालील क्षेत्र, बियाणे कोठून घेतले, कापणीची तारीख, निघालेले भात, सडलेला तांदूळ आणि विकलेल्या पिशव्या. ज्याच्या दहा गुंठ्यांतून निघू शकेल त्याहून अधिक तांदूळ विक्रीस आला, त्याची चौकशी करण्यास पोलीस लागत नाहीत. ही वही पुरते. पिशवीवरील संकेतचिन्ह फोनने वाचले असता ही माहिती दिसेल अशी व्यवस्था आता अल्प खर्चात होते, परंतु खालची वही खोटी असेल, तर वरचे चिन्ह केवळ शोभेचे ठरते.

पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ती नियमावलीची. मानांकनाच्या अर्जात मालाचे वर्णन आणि उत्पादनाची पद्धत दिलेली असते; त्या वर्णनापुढे जाऊन संघाने आपली स्वतःची आचारसंहिता लिहावी आणि चिन्ह वापरण्याची परवानगी तिच्या पालनाशी जोडावी. फ्रान्समधील कोंते चीजच्या उत्पादकांनी गाई कोणत्या जातीच्या असाव्यात, दर गाईमागे किमान एक हेक्टर गवताळ जमीन असावी आणि आंबवलेला चारा मुळीच घालू नये, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. दूध कमी मिळाले, पण कुरणे राहिली, लहान गोठे टिकले आणि चीजचा भाव चढा राहिला. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ च्या आपल्या नव्या नियमांत उत्पादक-गटांना शाश्वत पद्धतींची अशी कलमे ठरवण्यास स्पष्ट वाव दिला आहे. मुळशीच्या संघास यासाठी ब्रुसेल्सकडे पाहण्याचे कारण नाही. राब भाजणार नाही, ओढ्याच्या काठची झाडे तोडणार नाही, बियाण्याचे किमान तीन निराळे स्रोत राखीन, इंद्रायणी आणि आंबेमोहर एका पोत्यात घालणार नाही, आणि जमीन बिनशेती करण्यापूर्वी संघास सूचना देईन, एवढी पाच कलमे एका सभेत मंजूर होऊ शकतात. अखेरचे कलम कायद्याने बंधनकारक नसेल. परंतु सूचना मिळाली असता दुसरा एखादा सभासद ती जमीन खंडाने कसण्यास घेऊ शकेल, इतकी संधी तरी त्याने निर्माण होते.

ज्यांना नवे मानांकन हवे आहे त्यांच्यासाठी

खेड तालुक्यातून वेळोवेळी अशी इच्छा व्यक्त होते, की लासलगावच्या कांद्यास मानांकन मिळाले, तर कांदा-बटाट्याची जुनी पेठ असलेल्या चाकणनेही मागे का राहावे. इच्छा स्वाभाविक आहे; परंतु अर्ज लिहिण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस प्रामाणिकपणे विचारावा. चाकणच्या आवारात जो माल येतो, तो अनेक तालुक्यांच्या निरनिराळ्या जमिनींतला असतो. बाजाराची कीर्ती निराळी आणि मातीचा गुण निराळा. ज्या गुणासाठी नाव मागावयाचे, तो कोणत्या गावांच्या कोणत्या जमिनीतून येतो, तो प्रयोगशाळेत आणि जिभेवर सिद्ध होतो काय, आणि ते वाण लावणारे शेतकरी दहा वर्षांनी तेथे असतील काय, या तिन्ही प्रश्नांस होकार मिळाला तरच खटाटोप करावा. कारखान्यांच्या विस्ताराच्या नकाशावर ती गावे कोठे येतात, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. ज्या शिवारास पाच वर्षांनी संपादनाची नोटीस यावयाची, त्याचे नाव नोंदवणे म्हणजे भावी पिढीस केवळ एक कागद ठेवून जाणे होय.

गिऱ्हाइकाने आणि कारखान्याने

वाकड, रावेत, मोशी, भोसरी येथील गृहिणीने वा गृहस्थाने एवढे ध्यानात ठेवावे: आंबेमोहराचा दाणा आखूड आणि काहीसा जाड असतो, लांब व सडपातळ नसतो, भात मऊ आणि किंचित चिकट होतो, म्हणून मेतकूट-तुपाच्या भातास आणि पेजेस तो शोभतो, पुलावास नव्हे; आणि कच्च्या तांदळाला अत्तरासारखा भपकारा येत असेल, तर तो सुवास निसर्गाचा नसण्याचाच संभव अधिक. पिशवीवर उत्पादकाचे वा संघाचे नाव, गाव, कापणीचा हंगाम आणि अधिकृत वापरकर्त्याचा नोंदणी क्रमांक आहे काय, हे पाहावे आणि नसल्यास विक्रेत्यास विचारावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले, की पाचव्या वेळी दुकानदार स्वतःच घाऊक व्यापाऱ्यास विचारू लागतो. कमी उताऱ्याच्या पिकास साध्या तांदळाचा भाव देऊन ते टिकावे अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. गृहसंस्थांनी एकत्र येऊन वर्षाची मागणी हंगामापूर्वी नोंदवली आणि काही रक्कम आगाऊ दिली, तर लावणीच्या मजुरीसाठी शेतकऱ्यास सावकाराचे अथवा जमिनीच्या दलालाचे दार ठोठावावे लागणार नाही.

कारखान्यांची जबाबदारी याहून थोडी अधिक आहे, कारण त्यांची शक्तीही अधिक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करणे बंधनकारक केले आहे, आणि पर्यावरणाचे संतुलन व ग्रामीण विकास हे दोन्ही विषय त्या अनुसूचीत आहेत. या निधीतून फलक लावलेली झाडे उभी करण्यापेक्षा एखाद्या खोऱ्यात बियाण्याची पेढी, ओलावा मोजण्याची साधने आणि फक्त आंबेमोहरासाठी राखलेली एक छोटी गिरणी उभी करावी, आणि ती संघाच्या स्वाधीन करावी. उपाहारगृहातील रोजच्या थाळीस आंबेमोहर परवडणार नाही, हे उघड आहे. पण दसऱ्याआधीच्या खंडेनवमीस यंत्रांची पूजा होते त्या दिवशीचे जेवण आणि दिवाळीस कामगारांना द्यावयाची भेट, एवढ्या दोन प्रसंगांची खात्रीची मागणी जरी या टापूतील मोठ्या कारखान्यांनी नोंदवली, तरी खोऱ्यातील कित्येक कुटुंबांना पुढील वर्षी कोणते भात लावावे, याचा निर्णय निर्धास्तपणे घेता येईल.

हे सर्व एका वर्षात होणारे नाही. म्हणून आरंभ लहान असावा: येत्या हंगामापूर्वी संघाने नोंदणीची तारीख आणि ‘ब’ भागातील नावे तपासावीत, कापणीपूर्वी प्रत्येक गावातून निदान दोन शेतकऱ्यांनी लोंब्या निवडून बी राखावे, पाच कलमांची आचारसंहिता ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ज्यांस ती मान्य असेल, त्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि एका गृहसंस्थेशी व एका कारखान्याशी लेखी मागणीचा करार करावा. पहिल्या वर्षी सह्या करणारे पंधरा असले तरी चालेल, पण त्या पंधरांच्या वहीत खाडाखोड नसावी. कारण पुढे नूतनीकरणाचा अर्ज करताना, जमीन किती उरली, बी कोणाकडे आहे आणि भाव काय मिळाला, या प्रश्नांची उत्तरे याच वहीतून द्यावी लागतील.